लिंबाच्या झाडाचं प्लंबिंग

३ मार्च
लेक नोव्हेंबरात येणार. लग्नानंतर पहिल्यांदाच. लग्नाला मी गेलो नव्हतो. चूक माझी एकट्याची नाही, तरी ती आली की पहिला शब्द मीच बोलणार. ठरलं. बायको म्हणाली, फोन आहे की घरात, आत्ताच बोला. पण अशा गोष्टी समोरासमोर बऱ्या.

९ मार्च, सकाळ
अंगणातल्या लिंबाच्या झाडावर मुंग्या. लेकीनं शाळेत असताना लावलेलं झाड. ती येईपर्यंत टकाटक हवं. बायको म्हणते, नुसतं पाणी घाला, बाकी हात लावू नका. जन्मभर प्लंबिंग केलेल्या माणसाला पाणी शिकवते.

दुपार
खोडाची साल वीतभर उंचीची, चहूबाजूंनी गोल सोलून काढली. आता चढा म्हणावं. बायको ओरडली. समजावलं, पाइप आत असतो, साल म्हणजे वरचं वेष्टण. वेष्टण काढलं म्हणून नळ बंद पडतो का? ती आत निघून गेली. पटलं असावं.

२ एप्रिल
पानं हिरवीगार. पाणी शेंड्यापर्यंत चढतंय. मुंग्याही चढताहेत, पण तो मुद्दा वेगळा.

१८ जून
सोललेल्या पट्ट्याच्या वर खोड फुगलंय. झाडानं बाळसं धरलं. बायको म्हणाली, खालचं आहे तसंच आहे. खोट काढायची सवय. लेकीचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. म्हणजे, गेलो.

१२ ऑगस्ट
लिंबं लगडलीत. लेकीचंही छान चाललंय, नोकरी आहे, घर आहे. मग काळजी कसली, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, वरून सगळं हिरवंच दिसतं.

१ ऑक्टोबर
पानं पिवळी पडून गळताहेत. प्रेशर कमी पडत असणार. पाणी दुप्पट केलं.

२० ऑक्टोबर
आणखी वाढवलं. झोप लागत नाही. भीती वाटते. झाडाची.

९ नोव्हेंबर
लेक आली, एका रात्रीपुरती. बॅगसुद्धा न ठेवता झाडाकडे गेली. कॉलेजात झाडांचंच शिकवते. खोडावरून हात फिरवला, एक मूळ उकरून पाहिलं. काळं, कुजलेलं. मग शांतपणे म्हणाली, बाबा, पाणी आतल्या लाकडातून वर जातं, ते जात राहिलं. पण पानं अन्न तयार करतात, ते सालीतून खाली मुळांना पोचतं. ती वाट तुम्ही तोडलीत. वरचं वरच अडलं, म्हणून खोड फुगलं, लिंबं लागली. मुळं उपाशी मेली.

आत्ताच बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि पाइप, टाकी, व्हॉल्व्ह यांवर जेवण होईपर्यंत बोललो. ती ऐकत होती. खरं बोलणं उद्या सकाळी, निवांत.

१० नोव्हेंबर
उठलो तर लेक पहाटेच्या गाडीनं गेलेली. बायको म्हणाली, निघताना तुमच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी होती. तुम्ही घोरत होता.

बायकोनं फोन समोर आणून ठेवलाय. नंबरही लावून दिलाय, नुसतं बटण दाबायचं आहे.

आधी झाडाला पाणी घालून येतो.