चिंचेखालचा डॉल्फिन

आई,

आज आमच्या सोसायटीच्या बागेत पावसाचं पाणी मुरवायला खड्डा खणला आणि जागा मी दाखवली. चिंचेच्या उगवतीला, विहिरीच्या अलीकडे. विहीर केव्हाच बुजली, चिंच तेवढी राहिली. चिखलीत फ्लॅट घेतला तेव्हा सगळे म्हणाले, इतक्या आत कशाला जातेस? मी रस्ते रुंद होतील, भाव वाढतील असं काहीबाही सांगितलं. खरं कारण तुझा डॉल्फिन. इथे शेत होतं तेव्हा तू तो पुरलास, आणि त्याच्यापासून लांब राहणं मला जमेना.

समुद्राचा पत्ता नाही अशा गावात राहून तू जन्मभर डॉल्फिनचा अभ्यास केलास. बाबांची नोकरी पिंपरीत, तुझं काम कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी. परत आलीस की घरभर खारट वास. मी ओट्याशी उभी आहे, तू पोळ्या लाटते आहेस, टेपवर पाण्याखालच्या शिट्ट्या चालू आहेत, मध्येच कुकरची होते, आणि बाबा बाहेरून विचारतात, "काय म्हणतायत तुझ्या माहेरचे?" तू हसत नाहीस. पिठाचा हात वर करतेस: थांबा, ऐकू द्या. अजूनही संध्याकाळी गॅलरीत बसले की चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर येते आणि मला वाटतं, पाणी चढतंय, पार्किंग हळूहळू भरतंय, आणि तो चिंचेखालून उठून श्वास घ्यायला वर येतोय.

एकदा बोटीवर मी ओरडले, "आई, दिसला!" तू वळूनही न बघता विचारलंस, "दिसला, की दिसावासा वाटला?" एवढ्याशा पोरीला असं विचारतात का गं? रुसून मी जेवलेसुद्धा नाही.

त्या खाडीतले डॉल्फिन वेगळ्या कुळाचे, बाहेरच्यांत न मिसळणारे, हे तुझं म्हणणं. मोठे शास्त्रज्ञ म्हणाले, पुरावा कुठाय? किनाऱ्याला लागलेला तो मेलेला डॉल्फिन तू परवानगी काढून, बर्फात घालून टेम्पोतून आणला होतास. वाळूत पुरला तर कुत्री उकरतात. इथल्या मातीत दोन वर्षांत हाडं स्वच्छ होतील, हा तुझा हिशोब. पण त्याआधीच शेत विकलं गेलं, भोवती पत्रे लागले आणि वॉचमन आत सोडीना. तू स्कूटर लावून पत्र्यांबाहेर नुसती उभी राहायचीस. मला फार वाईट वाटायचं. तुझा शोधनिबंध छापून आला, पण नुसती शक्यता म्हणून. आज त्या शक्यतेवर पोरं पीएचडी करतात, खाडीत मोठ्या बोटी येऊ द्यायच्या का यावर तिचा दाखला देतात. ती खरी आहे का, हे मात्र कुणालाच माहीत नाही.

सकाळी तुझ्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी सगळ्या परवानग्या घेऊन आली. शेताचे जुने मालक, आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा, काठी टेकत खाली उतरले.

"हितंच हाय तुमच्या आईचा मासा. त्या वर्साला मेथी काय आली व्हती म्हणून सांगू!"

"मासा नव्हे, आप्पा," मी तुझ्यासारखीच फिसकारले. "श्वास घेतो तो."

"आस्सं? मंग येवढी वर्सं आत काय करत व्हता?"

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात कुदळीला काहीतरी लागलं आणि मग हातानेच माती काढली. जबडा निघाला, मागोमाग मणके, चहाच्या रंगाचे. पोरीने हातमोजे घालून एकेक उचलला, लहान बाळाला उचलतात तसा. दातावरून आता कूळ ओळखता येतं म्हणे. काही महिन्यांत कळेल.

निघताना तिने हळूच विचारलं, "मॅडमचं बरोबर निघेल ना?"

मी ताठ उभं राहून सांगितलं, "जे निघेल ते लिही. निघावंसं वाटतं ते लिहायचं नाही." आवाज अगदी तुझा लागला होता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ते तुझ्या हाती पडणार नाही तेच बरं. कारण तिची गाडी गेटबाहेर पडल्यावर मी वर आले, हात धुतले, आणि ज्या देव्हाऱ्यापुढे तू कधी हात जोडले नाहीस तिथे दिवा लावून मागितलं, माझ्या आईचंच खरं निघू दे.