शिडाच्या मापाबद्दल धाकटीला

माझ्या धाकट्या बहिणीस थोरलीचा पाठीवरून हात. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का, की अजून सगळ्या बिऱ्हाडाला जागं ठेवतात? मी ठीक. कवळी तेवढी बोलताना निसटते, पण लिहिताना तिची अडचण नाही. आज मी फार आनंदात आहे. आमचे हे गेले त्याला सात महिने झाले आणि आज पहिल्यांदा आनंद झाला, म्हणून दुपारची झोप सोडून लिहायला बसले. आमचे हे लबाड नव्हते. कसं कळलं ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू मधलीच पानं उलटशील.

तलावाकाठची यांची शेड तुला माहीत आहे. (एकदाच आलीस आणि ओला वास येतो म्हणून दाराबाहेर उभी राहिलीस.) लोक तिथून फळी आणि शीड भाड्याने नेतात, फळीवर उभे राहतात, शीड धरतात आणि वाऱ्यावर पळतात, निदान पळायचा बेत असतो. आता शेड नात चालवते, आणि ती पाण्यात उतरून शिकवते तेव्हा सामान द्यायला महिनाभर मी बसते आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, वारा मोठा तर शीड मोठं. सगळं उलटं आहे गं. वारा पडलेला असला की मोठं शीड, कारण त्याला झुळूक न झुळूक गोळा करावी लागते. आणि वारा पिसाळला की लहान, नाहीतर माणूस शिडाला धरत नाही, शीडच माणसाला धरून नेतं. फळ्यांचंही तसंच. एक असते रुंद, पलंगासारखी, नवशिका नुसता उभा राहिला तरी बुडत नाही. दुसरी अरुंद, जोराच्या वाऱ्याची. पळते आहे तोवर तरंगते, थांबली की खाली. (थेट तुझी मोठी सून.) हे दारात उभे राहून आधी पाण्याकडे बघायचे, मग गिऱ्हाइकाच्या पोटाकडे, आणि न विचारता पिशवी काढून द्यायचे.

तर माप. शिडाच्या पिशवीवर यांच्या हातचा आकडा असायचा, चार, साडेपाच, सात, पुढे मीटर. हे दवाखान्यात होते तेव्हा एका सातच्या शिडाची शिवण उसवली. एरवी शिडं हेच शिवायचे, मी आपली पडद्यांची आणि अभ्र्यांची. पण म्हटलं हातासरशी करून टाकू, आणि सवयीने शिवणाची दीड मीटरची टेप लावली. सगळ्यात लांब बाजू भरली तीन टेपा आणि वर एक वीत. म्हणजे पावणेपाचसुद्धा धड नाही. दुसरं मोजलं, तिसरं मोजलं, एकही पुरं भरेना. पडदा बोटभर कमी पडला तर मी घरी जाऊन जोडून देणारी, आणि माझा नवरा चाळीस वर्षं सातच्या नावाखाली पावणेपाच देत आला. शेवटचे अकरा दिवस मी त्यांच्या खाटेशी बसले ती भिंतीकडे तोंड करून. एक शब्द बोलले नाही. नर्सला वाटायचं मी रडते आहे. मी चिडले होते.

म्हटलं, निदान आता तरी शेडीत खरं माप असावं. नातीच्या नकळत जाड पेनाने यांचे आकडे खोडले आणि टेपेने मोजलेले घातले. आज सकाळी वारा सुटला आणि दातांचे डॉक्टर आले. (माझी कवळी त्यांनीच बसवलेली.) माणूस काडीसारखा, त्यातून नवशिका. म्हणाले, आजी, आज जोर आहे, साडेचारच्या आसपासचं द्या. मी पावणेपाचचं दिलं, म्हणजे यांचं सातचं. त्यांनी ते उभं केलं आणि म्हणाले, मोठं वाटतंय हो. मी म्हटलं, तुम्हीच वाळलात. गेले बिचारे. नीट सांगायचं तर नेले गेले. तलाव ओलांडून पलीकडे पंपघराच्या कुंपणात अडकले आणि तिथून अंगाला चिकटलेल्या रबरी कपड्यांत, एका पायात बूट, असे रस्त्याने चालत आले. वाटेत एका बाईने त्यांना पत्ता विचारला म्हणे.

नातीने पिशवी पाहिली आणि म्हणाली, आजी, हे काय करून ठेवलंस? मी सगळं सांगितलं. ती बाकीच्या पिशव्या उलटून बघायला लागली. डॉक्टरच दात वाजवत म्हणाले की शिडाचं माप लांबीचं नसतं, चौरस मीटरचं असतं. फरशीचं असतं तसं, लांबी आणि रुंदी दोन्ही धरून. मला कसं कळावं? चौरस पाचवीला असतो आणि मला चौथीतून काढलं, तुला सांभाळायला. (दोष देत नाही.) मग नातीने शिडं जमिनीवर पसरली आणि खडूने चौकोन आखून दाखवले. सातचं सातच भरलं. साडेपाचचं साडेपाच. चारचं तर हातरुमालाएवढं जास्तच. मी इतकी हसले की कवळी पडली. नात म्हणाली, आजी, आता रडतेस कशाला? आता ते आकडे मलाच परत घालायचेत. त्यांच्या सातची शेपटी लांब असायची, ती मला जमत नाही.

सगळ्यांना आठवण सांग. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
थोरली

ता. क. हे लबाड होते असं ज्यात लिहिलं होतं ते मागचं पत्र फाडू नकोस, परत पाठव, मलाच फाडायचंय. आणि ते ज्यांना ज्यांना वाचून दाखवलंस (दाखवलंच असशील, मी तुला पाळण्यापासून ओळखते) त्या सगळ्यांना हेही वाचून दाखव. डॉक्टर गाळलेस तरी चालतील, मापाचं गाळू नकोस.

आणखी एक. एक शब्द बोलले नाही असं वर लिहिलंय, ते खरं नाही. शेवटच्या दिवशी न राहवून विचारलं, सातचं पावणेपाच का भरतं हो? त्यांच्या तोंडात नळी. त्यांनी हात उचलला, हवेत वरून खाली नेला, मग आडवा, डावीकडून उजवीकडे. पुन्हा वरून खाली, पुन्हा आडवा. मला वाटलं थंडी वाजतेय, पांघरूण मागताहेत. मी ते गळ्यापर्यंत ओढलं आणि तो हात आत घालून नीट खोचून टाकला.