एस्बेनच्या मापाचा अंगरखा

सिसेलताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे. पण ‘सगळे’ म्हणजे मी एकटा, आणि मजा म्हणजे काय ते मी विसरलो आहे, तेव्हा पुढे जातो. तुझी पाठ कशी आहे? प्रेबेनभाऊजींचा नवा गुडघा बसला का नीट? (वाजत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वाजत नसेल तरी दाखवा, हल्लीच्या वस्तूंचा भरवसा नाही.) नाताळातला स्वेटर मिळाला होता, उशिराने आभार. उबदार आहे. फक्त छातीवर जे जहाज विणलंय, त्याचं शीड एका बाजूला फुगलंय आणि डोलकाठीवरचं निशाण दुसऱ्या बाजूला फडकतंय. एकाच जहाजावर दोन वारे. असल्या जहाजातून आपले पूर्वज इंग्लंडला गेले असते, तर अजून फ्योर्डातच गोल गोल फिरत असते. मी तो घरात घालतो, पडदे लावून.

माळ्यावरची जागा भाऊजींना मासेमारीच्या सामानासाठी हवी आहे, म्हणून आईचं शिलाई मशीन मी घेऊन जातो का, असं विचारलंस. ताई, तू दर वर्षी विचारतेस आणि मी दर वर्षी तेच सांगतो: ते यंत्र माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आईबद्दल आदर आहे. पण उद्या शेजाऱ्यांनी माझ्या घरातून मशीनची खडखड ऐकली, तर मी कुठल्या तोंडाने जत्रेच्या दारावर उभा राहू? देऊन टाक खुशाल भंगारात.

जत्रा म्हणजे आमची व्हायकिंग जत्रा, जूनमधली. आम्ही फ्योर्डाच्या काठावर तंबू ठोकतो, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचे कपडे तपासायचं काम माझ्याकडे. शिवण उलटून बघायची. मशीनची टीप दिसली की माघारी. लोक मला नावं ठेवतात. ट्रुल्स नाकाने कांदे सोलतो, म्हणतात. सोलतो. कोणी तरी सोलायला हवेत, नाहीतर दहाव्या शतकात चेनच्या पँटी शिरतील. मला हे कोणी शिकवलं नाही, कुठल्या विद्यापीठाने माझ्या पाठीवर थाप मारली नाही. उत्खननातल्या चिंध्यांचे फोटो भिंगाखाली धरून मी एकेक टाका स्वतः सोडवला आहे. (तुम्ही तेव्हा टीव्ही बघत होतात.)

आता मूळ गोष्ट. तुला एस्बेन आठवत असेल, आमच्या जत्रेतला लोहार. माझ्या वाढदिवसाला तुझी खुर्ची मोडली होती तो. ऐरणीपेक्षा रुंद माणूस. हिवाळ्यात त्याच्या फुप्फुसात नको ते निघालं, आणि आता तो गावाबाहेरच्या त्या शांत इस्पितळात आहे, जिथे फुलदाण्या फार आणि घड्याळं कमी. मार्चमध्ये त्याने मला बोलावून सांगितलं, मला कोटटायमध्ये जाळू नका. जायचंच तर अंगरख्यात जाईन, आणि तो तू शिवायचा. मी म्हटलं, शिवीन. त्याची बायको बिर्टे कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “ट्रुल्स, एखादा जुना दे रे. शेवटी जळणारच आहे ना?” मी म्हटलं, म्हणूनच. जी वस्तू कोणी परत बघणार नाही, तीच नीट करायची असते. (हे वाक्य मला बरं सुचलं. बिर्टे खिडकीबाहेर बघत होती.)

तर लोकर मी कच्ची आणली, राखाडी जुन्या जातीच्या मेंढीची. टकळीवर सूत काढलं. दगडांची वजनं टांगलेल्या मागावर कापड विणलं. एस्बेनला निळा हवा होता, म्हणजे वायद नावाच्या झुडपाची नीळ देणारी पानं आणि शिळं मूत्र. दुसरा रस्ता नाही. सोडा घालून करणारे लोक आहेत, मी त्यांची नावं घेत नाही. आमच्या जत्रेच्या मंडळाच्या बैठकीत मी पिंप ठेवलं आणि बीअर दिली, वर्गणी भरभरून जमली. एस्बेनने इस्पितळातून निरोप धाडला की माझंही घे, इथे नळीतून आयतंच येतंय. मला नकार द्यावा लागला. त्याला दिवसाला मूठभर गोळ्या असतात, आणि त्यातली एकही दहाव्या शतकात नव्हती. तो दुखावला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. (मग स्वतःच हसत सुटला आणि खोकल्याने निळा पडला, म्हणजे मला हवा होता अगदी तो निळा, पण असं बोलवत नाही.)

पिंप उबेत ठेवावं लागतं म्हणून इमारतीच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी ठेवलं. झाकण घट्ट होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या केल्सेनबाई म्हणतात की नव्हतं. रहिवाशांची सभा भरली, विषय एकच. मी त्यांना आंबण्याची प्रक्रिया सविस्तर समजावली, आणि माझ्या लक्षात आलं की माणसं सविस्तर ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. केल्सेनबाई उठून म्हणाल्या, “ट्रुल्स, तुम्हाला दहाव्या शतकात परत जायचं असेल तर आमची हरकत नाही. फक्त जाताना तळघराचं दार लावून जा!” सगळे हसले. मीही हसलो असतो, पण पिंप दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचं होतं. ते मी हातगाडीवरून नेलं. वाटेत चर्चसमोर चढ आहे, आणि रविवार होता, एवढंच लिहितो.

रंग निळा आला नाही. पावसात उभ्या असलेल्या बसथांब्याचा आला. मी तो एस्बेनला दाखवायला नेला. त्याने कापड गालाला लावलं, बराच वेळ. “हा फ्योर्डाचा रंग आहे,” म्हणाला, “नोव्हेंबरातल्या.” मग वास घेतला. “आणि मंडळींचा.”

इथवर सगळं ठीक म्हणायचं. खरी आपत्ती मापाची. मार्चमध्ये मी त्याचं माप घेतलं होतं, कापड तयार झाल्यावर त्यावरूनच बेतलं, अंगाचे चौकोन, बगलेतल्या कळ्या, बाजूचे तिकोन. या बेतात कापड वाया जात नाही, आणि म्हणूनच तो बाजूने चिमटीत धरून आत घेता येत नाही; एक भाग बदलला की सगळे बदलतात. मे महिन्यात घालून बघितला तर एस्बेन आत हरवला. मी घरी आणून उसवला, पुन्हा बेतला, मेण लावलेल्या जवसाच्या दोऱ्याने पुन्हा शिवला. नेला तर पुन्हा सैल. पुन्हा उसवला. माझं बोट दुखतं, नखाखाली सुईची भोकं पडली आहेत, डोळ्यांचं तर विचारू नकोस. कितीही घाई केली तरी तो माझ्यापुढे असतो. तिसऱ्यांदा माप घेताना माझी फीत त्याच्याभोवती फिरून इतकी उरली, की मी ती गुंडाळत बसलो आणि वर बघितलं नाही. एस्बेन म्हणाला, “ट्रुल्स, तू शिवतोयस त्याहून लवकर मी उसवतोय.”

मी म्हटलं, गप्प पड, हात वर कर.

“आईचं मशीन आहे ना ताईकडे तुझ्या? घाल चार टिपा आणि मोकळा हो.”

मी त्याला सांगितलं की हे बोललास ते ऐकलंच नाही मी. तर म्हणतो, “मला तू चड्डीच्या इलास्टिकवरून दारातून परत पाठवलं होतंस, आठवतं? पावसात. लोहाराला! तिकडे दारावर तू थोडाच असणार आहेस?” बिर्टे हसली, त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी हसलो नाही. तत्त्व ते तत्त्व. तिकडे दारावर कोण असतं याबद्दल माझं ज्ञान अपुरं आहे, पण जो कोणी असेल त्याला शिवण कळत असणार, असं मी धरून चालतो.

आता बाह्या लावायच्या राहिल्या आहेत आणि दोन्ही बाजू मिटवायच्या. हातानेच करीन. एस्बेनला म्हटलंय, जरा थांब. आजवर त्याने माझं कधी ऐकलं नाही, पण म्हणून ठेवलंय.

भाऊजींना नमस्कार सांग. राईचा पाव इकडे हल्ली बरा मिळत नाही, तेवढं सोडलं तर बाकी काही कमी नाही.

तुझा धाकटा भाऊ,
ट्रुल्स

ता. क. – स्वेटरबद्दल लिहिलं ते मनाला लावून घेऊ नकोस. काल इस्पितळात तोच घालून गेलो होतो. तिथे दोन्ही वारे चालतात.

ता. क. – पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात बिर्टे आली. डॉक्टर म्हणाले, तो रविवार बघेल असं धरून चालू नका. ती उद्या सकाळी एस्बेनच्या बहिणीला आणायला तुमच्या गावी येते आहे, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतो. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी आहे. आधी तिला आत घे, कॉफी दे. बोलायला लावू नकोस.

ता. क. – ताई, मशीन भंगारात दिलं नाहीस ना?

ता. क. – दिलं नसशील तर बिर्टेच्या गाडीत ठेव. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. जुन्या चादरीत गुंडाळ, केल्सेनबाई खिडकीत असतात. निळा दोरा असेल तर निळा, नाहीतर काळा चालेल; सुती हवा, जाळायचा आहे. आणि बॉबिनमध्ये दोरा कसा भरायचा ते एका कागदावर लिहून दे. आई दाखवायची तेव्हा मी मुद्दाम बघितलं नव्हतं.

ता. क. – गळा मी हाताने शिवला आहे, तो तसाच राहील. बाजू आणि बाह्या मशीनवर. बिर्टेकडून आत्ताच एस्बेनला निरोप दिला, की तिकडे कोणी शिवण उलटून बघितलीच, तर माझं नाव सांग.