शब्द टाकायचा नाही

प्रिय ठकू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुसता हं हं करत राहिलो, म्हणून तू चिडलीस. चिडणारच. एकतीस प्रयोगशाळांना अर्ज, दोन नकार, आणि बाकीच्यांनी, आमच्या सरांसकट, उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. अनुभव नाही म्हणून घेत नाहीत, आणि घेतल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. या सुट्टीत काम मिळालं नाही तर पुढच्या प्रवेशाचं घोडं अडणार, हे मलाही कळतं गं. तुझा बाप प्रयोगशाळेत नुसती भांडी धूत नाही, बावीस वर्षं पोरांची रडगाणीही ऐकतोय.

आई म्हणते, तू धड जेवत नाहीस. जेव बाई.

आमच्याकडे सोमवारी सुट्टीपुरती एक मुलगी आलीय. सरांचा नियम तुला ठाऊक आहे, नवीन येणाऱ्याने पहिला आठवडा माझ्या हाताखाली काचेची भांडी धुवायची. तिला शिकवलं, पाणी काचेवरून सरळ ओघळलं पाहिजे, थेंब चिकटून राहिला तर भांडं अजून मळकंच. हे तू सात वर्षांची असताना शिकली होतीस. कडा उडालेलं एक बीकर मी घरी आणलं होतं. त्यात वाटाणा रुजत घालून रोज पट्टीने कोंब मोजायचीस, आणि आईने पट्टी हलवली की घर डोक्यावर घ्यायचीस! ही मुलगीही गुणी आहे. काका काका करते. तिचा राग करावा म्हटलं तर तोही येत नाही.

अर्ज पाठवायला लागलीस तेव्हा तू मला बजावलं होतंस की तुमच्या सरांनाही पाठवतेय, पण बाबा, तुम्ही शब्द टाकायचा नाही, मिळालं तर माझ्या गुणांवर. मी मान डोलावली. फार अभिमान वाटला होता गं मला.

महिन्यापूर्वी सरांनी बोलावलं. टेबलावर दोनच अर्ज उरले होते. तुझं आडनाव बघून त्यांनी विचारलं, ही तुमची कुणी का? मला वाटलं, हो म्हणालो तर तो शब्द टाकल्यासारखाच होईल. मी नाही म्हणालो. सर हळहळले. म्हणाले, दोघी सारख्याच आहेत, तुमची असती तर भांडी धुण्यापासून तयार असती, हिलाच घेतलं असतं. आणि दुसरा अर्ज उचलला. मी धुवायची भांडी उचलून बाहेर आलो. तेव्हापासून रोज त्यांच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. आता खरं सांगावं तर त्या पोरीचं काय? आणि फोनवर तुला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र. ठकू, मला विचारलं, ही तुमची का, आणि मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा