या, बसा जेवायला

रविवार, ७ सप्टेंबर

पोचलो एकदाचा पार्सिपनीला! कंपनीने दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला पाठवलंय. राहायला जागाही अशी मिळाली, की ऑफिसातले ऐकून जळतील. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रेखाकाकूंनी बेसमेंट द्यायचं आहे म्हणून लिहिलं होतं. अट एकच, भाडेकरू नुकताच महाराष्ट्रातून आलेला हवा. मी म्हटलं, वा, मी तर अगदी ताजा माल.

काकू निवृत्त डॉक्टर, शैलेंद्रकाका निवृत्त इंजिनिअर. चाळीसेक वर्षं इथेच आहेत. काकूंनी दारातच बजावलं, की फॉर्मॅलिटी अजिबात नको, जेवायची वेळ झाली की सरळ वर यायचं आणि ताट घ्यायचं. घडीच्या पोळ्या, भरली वांगी, ताक. मी पाच पोळ्या खाल्ल्या, लाज सोडून. काका मात्र नुसतेच समोर बसून होते. अंगावर मांस म्हणून नाही, आणि तोंडात शब्दही नाही. काकू म्हणाल्या, घशाचा त्रास आहे. आम्ही तिघं होतो आणि ताटं चार मांडली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, असतं कुणी आलं-गेलं.

सकाळी व्हिडिओ कॉल झाला. माझा नाश्ता आणि तिकडे लेकीचं, सावनीचं, रात्रीचं जेवण एकाच वेळी येतं. पाच वर्षांची आहे, पण पहिल्या घासाआधी फोनमध्ये बघून तिने मला जेवायला बोलावलंच. मीच शिकवलंय तिला. ताट पुढे आलं, की आधी आजूबाजूला बघायचं, कुणी ताटाशिवाय बसलं असेल तर त्याला बोलवायचं, मगच घास घ्यायचा. दोघी मायलेकी, दीपा आणि ती, तीन ऑक्टोबरला येताहेत. सव्वीस दिवस!

मंगळवार, ९ सप्टेंबर

काकूंनी काम लावलंय. जानेवारीत दोघं फिलिपिन्सला जाऊन आले, बोहोल नावाच्या बेटावर. मंडळासाठी त्याचा स्लाइड शो करायचाय. लॅपटॉपवर नऊशे फोटो आहेत.

मजा आली बघताना. चॉकलेट हिल्स म्हणजे परातीत पालथ्या घातलेल्या वाट्या, नजर जाईल तिथपर्यंत. मुठीत मावेल एवढं माकड, डोळे मात्र हे एवढे. लोबोक नदीवर तरंगतं हॉटेल, केळीच्या पानावर भात आणि भाजलेला मासा. एका थांब्यावर करवंटीत भरलेली चिकट मिठाई आहे, दोन करवंट्या एकमेकींवर बसवून वर लाल कागदाची पट्टी. नारळ, गूळ आणि तांदूळ. कोकणातली माणसं बघून म्हणतील, हे तर आमचंच.

आणि काका! गोल गरगरीत, प्रत्येक फोटोत तोंड उघडं. व्हिडिओत तर त्यांचा आवाज नुसता दणदणतोय. बोटवाला, स्वयंपाकीण, शेजारच्या टेबलावरचे कोरियन, दिसेल त्याला जेवायला बोलावताहेत. तो आवाज ऐकून काकू पदराने तोंड झाकत आत गेल्या. मला कसंतरी वाटलं. यापुढे आवाज बंद ठेवूनच बघेन.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज एका छोट्या बेटाचे फोटो लावले. बोहोलपासून होडीने तासभर. वडासारखं पारंब्यांचं झाड, त्याखाली एक झोपडीवजा खानावळ. उकडलेली केळी, भाजलेले मासे, पानात गुंडाळलेला भात. काकू वर होत्या, म्हणून या एका व्हिडिओचा आवाज लावला. रोडेल नावाचा होडीवाला सांगतोय, की आमच्या देशात जेवताना सगळ्यांना बोलावतात, फक्त इथे नाही. इथे एक घास झाडाशी ठेवायचा आणि गप्प जेवायचं. काका हसले. समोरच्या रिकाम्या बाकाकडे हात करून मोठ्याने म्हणाले, की या, बसा जेवायला, आणि पार्सिपनीला आलात तर आमच्याकडेच उतरायचं. रोडेल ताडकन उठला. तिथे व्हिडिओ संपतो.

पुढचे फोटो जरा विचित्र आहेत. दुसऱ्या दिवशीच्या थांब्यावर बर्फ, दूध आणि जांभळ्या कंदाचं ते हालो-हालो. काकांचा ग्लास भरलेला, विरघळून गेलेला. समोर कुणी नाही, पण तिथला ग्लास चाटूनपुसून साफ. पुढे समुद्रकाठी पुन्हा तसंच, काकांचा मासा अख्खा आणि समोरच्या ताटात फक्त काटे. मी खाली ओळ टाकली, 'काकांचा गुप्त मित्र'. मग ती काढली. त्या दोन दिवसांत काकांचे गाल उतरलेले दिसतात.

सोमवार, १५ सप्टेंबर

घरूनच काम. दुपारी खालीच डबा गरम केला. काकूंनी आम्हा तिघांसाठी टेबल आणि तीन खुर्च्या आणून ठेवल्यात. पहिला घास हातात होता, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मान वर न करताच म्हटलं, या काका, बसा जेवायला.

समोरची खुर्ची सरकली. बघितलं तर कुणी नाही.

घास तोंडात घातला. मीठ नाही, तिखट नाही, काहीच नाही. आणि त्याच क्षणी वर काकांनी काकूंना हाक मारली. चांगली खणखणीत. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? धावत वर गेलो. काकू काकांना घट्ट धरून रडत होत्या. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काका बोलताहेत. पोळीवर पोळी मागून घेतात, जुनी नाट्यगीतं म्हणतात. वर आता तीनच ताटं मांडली जातात.

मला कशालाच चव लागत नाही. जेवतो, पण पोट भरत नाही. खाली टेबलावर रोज दोन ताटं असतात. दुसरं मी मांडल्याचं मला आठवत नाही. ते मात्र दर वेळी चाटूनपुसून साफ असतं.

रविवार, २१ सप्टेंबर

पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. वर जाऊन काकूंना सरळ विचारलं.

काकूंनी लपवलं नाही. म्हणाल्या, त्या बेटावरून काकांबरोबर आलेला तो बोलावल्याशिवाय कुणाकडे जात नाही. जो बोलावेल त्याच्याबरोबर राहतो. आधी चव जाते, मग अंग, मग आवाज. त्यापुढे काय, हे बघायची त्यांची तयारी नव्हती. आठ महिने त्यांनी वाट पाहिली, पण इथे कोण कुणाला जेवायला बोलावतं? जो तो आपला डबा उघडतो आणि खातो. स्वतः बोलवायचं धाडसही झालं नाही, तेही त्यांनी कबूल केलं. म्हणून त्यांना तिकडचा, नव्याने आलेला, चांगल्या वळणाचा मुलगा हवा होता. मला माझा माणूस हवा होता रे, असं म्हणून त्या माझ्या पाया पडायला वाकल्या.

मला भयंकर संताप यायला हवा होता. पण मी त्यांच्या मागे गॅसवर ठेवलेल्या कुकरकडे बघत होतो.

बुधवार, २४ सप्टेंबर

हे लिहायची लाज वाटते. आज ऑफिसात मुद्दाम अनीशशेजारी बसलो. इथेच एडिसनला जन्मलेला, भला मुलगा. समोर एक खुर्ची रिकामी ठेवली आणि वाट पाहिली, की हा बोलावेल. त्या खुर्चीकडे बघून एकदा तरी म्हणेल.

त्याने कानात इयरफोन घातले आणि सँडविच उघडलं. मग माझ्याकडे बघून थांबला. अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, यू नीड इट मोर दॅन मी, यार. ते बोलावणं फक्त मला होतं, खुर्चीला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. पुन्हा असं कुणाला फसवायला जाणार नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

आवाज घोगरा झालाय. काकांचे आठ महिने निघाले, माझे पंधरा दिवसही निघेनात. सावनी इथे येता कामा नये. दीपाला मेसेज केला, की तिकिटं कॅन्सल कर. तिने कारण विचारलं. काय लिहू? बरं नाही, एवढंच लिहिलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

आवाज गेला.

सकाळी कॉल. सावनी जेवत होती. माझ्या मागे बघून तिने दीपाला विचारलं, बाबांच्या मागे ते कोण काका उभे आहेत. मी फोन बंद केला. पुन्हा उचलला नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

ठरलं. उद्या इथून निघायचं. मोटेल, कुठेही. तो माझ्याबरोबर येईल. येऊ दे. दोन दिवस जेवलो नाही, ताट मांडलं नाही. तो बसून आहे. नुसता बसून.

वर काका गाताहेत. काकू ताट जिन्यावर ठेवून जातात, खाली येत नाहीत.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

जिना चढता आला नाही. तीन पायऱ्या, मग बसलो. पुन्हा टेबलाशी —

गाडी आली. सावनीचा आवाज.

दीपा एक दिवस आधीच — मी आजारी म्हणून तिकीट बदललं. काका घेऊन आले. मला बघून दीपा रडली. मी वहीत लिहिलं, चल, आत्ता, सावनीला घेऊन बाहेर. ती म्हणाली, आधी दूध घे, मग डॉक्टरकडे जाऊ. ओट्याशी आहे. पाठ माझ्याकडे.

वरून ताट आलं. श्रीखंड-पुरी. सावनी माझ्यासमोर, तिसऱ्या खुर्चीत तो, तिच्या शेजारी.

दीपा इकडे बघ. हे वाच. आधी हे वाच

टेबलावर हात आपटला. सावनी हसली, तिला खेळ वाटला. तिनेही आपटला.

पुरी हातात घेतली. खा, बाळा. खा. खाऊन टाक —

खाली ठेवली. आजूबाजूला बघतेय. शिकवलं तसं. आधी माझ्याकडे. मग शेजारी, त्याच्यापुढे ताट नाही, तिने बघितलं, दीपा, तिच्या तोंडावर हात ठेव, ती त्याच्याकडे बघून हसली, दीपा, ती त्याला