गाडीले काही लावू नोको, मोहित

नागपूर, मंगळवार

चिरंजीव मोहित यास सुशील जिजाजीचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल आहो (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण पत्रात आम्हीच लिहा लागते). तुह्या आईचा गुडघा कसा आहे, सूज पुरी उतरली का, काठी घेऊन अंगणापर्यंत येतात का, हे सविस्तर कळवशील. तुही राईस मिल चांगली चालत असंन. घरच्या बाकी मंडळींची चौकशी मी करून नाही राहिलो. ज्याइची कराची आहे त्याइले समजते.

पत्र मिलच्या पत्त्यावर मुद्दाम टाकलं. घरी टाकलं असतं तं ते कोणी फोडलं असतं हे तुले सांगा लागत नाही, अन् मोबाईलवर लिहिलं असतं तं तुहा मोबाईल सध्या कोणाच्या हातात राहते हेही मले माहीत आहे.

तुह्या नव्या गाडीचा फोटो पोचला. पिवळीजर्द, दोन दारं, दोन सीटा. देखणी आहे बाप्पा, नजर लागाची. तू विचारलं की जिजाजी, तुमाले अनुभव आहे, तं सायलेन्सर कोणता टाकू, स्प्रिंगा बदलून गाडी किती खाली घेऊ, अन् मागं डिक्कीवर पंख लावू का नोको. भल्या माणसा, मले अनुभव आहे म्हणूनच तं मी हिंगण्याच्या कारखान्यातून घरी येऊन रोज एकट्यासाठी खिचडी टाकून राहिलो. तुले उत्तर पाह्यजे न, तं घे. काही टाकू नोको. सहा महिने गाडी जशी कंपनीनं देली तशीच चालव. ज्याइनं ती बनवली ते काही येडे नव्हते. फारच हात खाजवले तं चांगले टायर टाक, ब्रेकचे पॅड पाहून घे, अन् घरी जा.

मी असं केलं नाही. माही लाल गाडी सेकंडहँड होती, पण तब्येतीनं ठणठणीत होती. मी तिले फक्त पॉलिश माराले बंटीच्या गॅरेजात नेली. हा बंटी गाडी पाहत नाही, तो गाडीच्या मालकाच्या तोंडाकडं पाह्यते. म्हणे, भाऊ, गाडी जबरदस्त आहे, फक्त थोडी उंच वाटून राहिली. बस, त्या दिवसापासून मले ती उंचच दिसाले लागली. दोन इंच खाली घेतली. खाली घेतल्यावर टायर बारीक दिसाले लागले, म्हणून रुंद टायर आले. रुंद टायरवर मागची बाजू बोडखी दिसे, म्हणून पंख आला. मंग म्हणे एवढ्या गाडीचा आवाज शिलाई मशीनसारखा शोभत नाही, म्हणून सायलेन्सर आला. शेवटी आतल्या गुबगुबीत सीटा काढून त्यानं शर्यतीच्या सीटा लावल्या, दोन्ही बाजूनं उंच काठ अन् चार पट्ट्यांचा बेल्ट. तुह्या ताईनं, प्रेमिलानं, तवाच विचारलं होतं की याच्यात माणूस बसते का पार्सल. मी हसलो. (तवा मले हसू येत होतं.)

आता खरं ते सांगतो. तू त्या दिवशी गाडीच्या बुकिंगसाठी मुंबईले होता, तुले कोणी सांगितलं असंन तं अर्धंच सांगितलं असंन. आईले धंतोलीच्या दवाखान्यातून सुट्टी होणार होती. डॉक्टरनं बजावलं होतं की यायले खाली बसू द्याचं नाही, उंच खुर्चीवरच बसवा. प्रेमिला म्हणे, टॅक्सी सांगा, मोठी. मी म्हटलं, घरचा जवाई असताना सासू टॅक्सीत? अन् मोहित, तुह्यापाशी काय लपवू, मले आईची काळजी नव्हती. मले तुमच्या पारशिवनीच्या चौकातून ती लाल गाडी काढाची होती. लोकाइनं पाहावं, अन् म्हणावं की जवाई पाहा कसा आईले घेऊन आला. एवढीच माही हौस. गाडीत दोघंच मावते, म्हणून प्रेमिलाले सामानासंगं बसनं मागून पाठवलं.

इथंच घोळ झाला. तुही आई जुन्या वळणाची, हे तुह्याइतकं कोणाले माहीत आहे. लग्नाले नऊ वर्षं झाली, त्याइनं माह्याशी एक शब्द सरळ बोलला नाही. जे काही सांगाचं ते प्रेमिलाले सांगणार, अन् प्रेमिला मले सांगणार, मंग मी समोरच्या पाटावर का बसून असेना. भाजी वाढू का हे विचाराले बी मधात प्रेमिला लागते. अन् मी त्याइले अशा गाडीत बसवलं की जिच्यात मधातलं माणूस बसाले जागाच नाही.

डोक्यावरून पदर, तोंड खिडकीकडं, चार पट्ट्यांत आवळलेल्या. कामठी सोडल्यावर मी पाहिलं तं त्याइचे ओठ हलत होते. गाडीत पुढं छोटा गणपती चिकटवला आहे, त्याच्याकडं पाहून काही म्हणून राहिल्या होत्या. मले वाटलं, स्तोत्र आहे. मले भलतं भरून आलं. मीबी एक हात सोडून नमस्कार केला, अन् त्याइच्या भक्तीले साथ म्हणून गाडी थोडी जोरात दामटली. सायलेन्सर असा गरजला की रस्त्याकडचे बगळे उडाले.

स्तोत्र नव्हतं ते. नंतर प्रेमिलाकडून समजलं. त्या सांगून राहिल्या होत्या की गणपतीबाप्पा, जवाईबापूले सांगा, औषधाची पिशवी दवाखान्याच्या बाकड्यावर राहिली. मंग म्हणाल्या, जवाईबापूले सांगा, पाय अवघडला. मंग म्हणाल्या, गाडी थांबवाले सांगा. दीड घंटा ती माउली देवाच्या मार्फत माह्याशी बोलून राहिली होती, अन् मी काय ऐकून राहिलो होतो, तं बंटीचा सायलेन्सर. शेवटचं जे त्या म्हणाल्या ते असं होतं की जवाईबापूले सांगा, समोर ब्रेकर आहे.

गाव तीन किलोमीटरवर राहिलं होतं. शाळेसमोरचा तो ब्रेकर तू पाहिला आहे, गावकऱ्याइनं वर्गणी करून घातलेला, बैलाच्या वशिंडाएवढा. पुढची चाकं पार गेली अन् गाडी पोटावर बसली. ना पुढं ना मागं. इंजन बंद पडलं, अन् शांतता झाल्यावर नऊ वर्षांत पहिल्यांदा मले आईचा आवाज नीट ऐकू आला. म्हणाल्या, बाप्पा, आता तरी यायले सांगा.

बेल्ट खोलाचा तं बटन त्याइच्या पोटावर, मधोमध. जवायानं सासूले हात कसा लावाचा? मी बाहेर उभा राहिलो, तोंड शेताकडं केलं, अन् मीबी गणपतीलेच सांगितलं की बाप्पा, आईले सांगा, मधातलं लाल बटन दाबा. पण बटनात पदर अडकलेला. सीट एवढी खोल की त्याइले उठता येईना, पाय वाकवाचा नाही. कापूस वेचून येणाऱ्या बाया जमल्या. त्याइच्यातल्या पार्वतीबाईनं कंबर कसली. तिनं आईले ओढून पाहिलं, मंग मले पाहिलं, अन् मले जे म्हटलं ते मी पत्रात लिहीत नाही. मंग शाळेतल्या मास्तरानं माणसं बोलावली अन् आईसकट गाडी उचलाचं ठरलं. मागच्याइनं पंख धरला. पंख त्याइच्या हातात आला, गाडी तिथंच राहिली.

तेवढ्यात मागून बस आली. रस्ता आम्हीच अडवलेला, बस थांबली, अन् दोन थैल्या घेऊन प्रेमिला उतरली. ती भांडली असती तं बरं झालं असतं. तिनं आईचा पदर सोडवला, चार बायाइच्या मदतीनं आईले शेजारच्या घरून आणलेल्या खाटेवर घेतलं, बसच्या पुढच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. लोकाइनं तोवर गाडी बाजूले ढकलली. बस माह्या बाजूनं निघून गेली. तिनं मागं पाहिलं नाही.

त्याले आज बावीस दिवस झाले, ताई अजून तुमच्याकडंच आहे. मधात एकदाच फोन उचलला. म्हणाली, मी नऊ वर्षं तुमचा निरोप आईले अन् आईचा निरोप तुमाले सांगून राहिली, पण माह्या स्वतःचं काही बोलाचं असलं तं ते तुमाले कोणं सांगाचं? अन् फोन ठेवला. घरात करमत नाही, मोहित. खोटं काहून बोलू?

तं माहा सल्ला एकच, गाडीले काही लावू नोको. मी सगळं काढून टाकलं. जुन्या स्प्रिंगा, जुन्या सीटा, जुना सायलेन्सर. आता गाडी अगदी शोरूममधून आणल्यासारखी आहे. आईले साष्टांग नमस्कार. मिलमध्ये बेल्टजवळ सैल शर्ट घालून उभा राहत जाऊ नोको.

तुहा,
सुशील जिजाजी

ता. क. काढलेला सायलेन्सर खाटेखाली पोत्यात ठेवला आहे. आवाज मस्त होता, हे मले कबूल करा लागते. तुले पाह्यजेच असंन तं घेऊन जा, पंखबी देतो, एका कोपऱ्यात थोडा वाकला आहे. वरचा सल्ला मी मोठा माणूस म्हणून देला.

दुसरी ता. क. सामान न्याले रविवारी सकाळीच ये. नव्या गाडीत फिरवतो म्हणून ताईले सोबत बसव, कुठं चाललो ते सांगू नोको. बोलाचं ते मी तिच्याशी सरळ बोलीन, अन् आधी तिचं ऐकीन. येताना दोघं या. जाताना तू एकटा जा.