सुई लागलेला जेट

रविवार, १४ जून
दुपारचे तीन

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे बाबांचे गुडघे आणि माझी मान सोडून. तुझं पत्र पोचलं त्याला तीन आठवडे झाले. ‘गाडी अजून आहे का? असेल तर मला हवी. जूनअखेरीस न्यायला येईन.’ सत्तावीस वर्षांनी तीन ओळी. सवयीप्रमाणे मी त्या चार वेळा तपासल्या. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधणं ही माझी नोकरी आहे, त्यामुळे हात थांबत नाही.

गाडी आहे. मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, तू उभी करायचास त्याच भिंतीला. ती चालू करूनच तुझ्या हाती द्यायची असं मी ठरवलं, आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने मोटारसायकलची टाकी धुऊन दिली, बॅटरी बसवली. ‘कार्ब्युरेटर मी स्वतः करते’ असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘करा की. बिघडला की आणा.’

पेट्रोल सोडलं तर खालच्या नळीतून धार. मी दुरुस्तीच्या पुस्तकात पाहिलं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरावीक उंचीला आलं की त्यात तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्या डोक्यावरची छोटी पिन वाट बंद करते. ती पिन झिजली होती. मी गाडीचं नाव सांगून दुकानातून नवा संच आणला, बसवला, आणि धार आणखी मोठी झाली. पुन्हा उघडला, पुन्हा बसवला. बोटांची सालं निघाली. शेवटी निमूटपणे मिस्त्रीकडे गेले.

‘ताई, गाडीचं नाव सांगून चालत नाही. कार्ब्युरेटरचा नंबर लागतो. आडनाव सांगून कधी मापाचा बूट मिळालाय?’

नंबर अंगावर कोरलेला असतो म्हणे. घरी येऊन दात घासायचा जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून अर्धा तास घासलं, तेव्हा काळ्या मळीखालून आकडे वर आले. बाबा दारात येऊन म्हणाले, ‘भांडी इतकी घासली असतीस तर!’ नंबरावरून दुसरा संच आणला. गळती थांबली. नवव्या किकला गाडी सुरू झाली, आणि शेडभर काळा धूर. प्लग काढला तर काजळात बुडवल्यासारखा.

मिस्त्रीने विचारलं, ‘मेन जेट बघितला का?’

मी म्हटलं, ‘बघितला.’

बघितला नव्हता. दादा, तीन रविवार मी तो कार्ब्युरेटर उघडते आहे. सांध्यातलं गॅस्केट बदललं, फ्लोटची उंची मोजली, वरची स्लाइड हलवून किती खुळखुळते तेही पाहिलं. जेट, पेट्रोल मापून सोडणारा तो बारीक भोकाचा पितळेचा एवढासा तुकडा, तिथे समोरच, एका पेचकसाच्या अंतरावर होता, आणि मी त्याच्या आजूबाजूने फिरत होते. या पत्राचंही मी तेच केलं आहे, हे आता वरचं वाचताना दिसलं.

काल मिस्त्रीने स्वतःच तो काढला. उजेडाकडे धरला, मग भिंग लावलं.

‘हे बघा. भोक गोल राहिलेलंच नाही. कुणीतरी दीडशहाण्याने सुई घालून फिरवलीय. जेटला फुंकर मारायची असते हो, सुई लावायची नसते. पितळ मऊ असतं. भोक वाढलं की गाडी पेट्रोल ढोसणारच.’

तू मला कोणत्या नावाने हाक मारायचास हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही. पण माझे कान तापले.

तुला आठवतं का ते मला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. गाडी आचके देत होती म्हणून तू कार्ब्युरेटर उघडून मागच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर ओळीने मांडला होतास आणि गॅस्केट आणायला गेला होतास. मी एकोणीस वर्षांची, सगळं कळतं अशी. जेट डोळ्याला लावून पाहिला, तर पलीकडचं दिसेना. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. ती जाईना, म्हणून दाबून फिरवली. आरपार उजेड दिसला तेव्हा मला कोण आनंद झाला! जेट होता तिथे ठेवला. तू आलास, जोडलास, गाडी एका किकला सुरू झाली आणि तू शीळ घातलीस. संध्याकाळी सांगून तुला चकित करायचं असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी तू घरी नव्हतास. मग राहून गेलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. टाकी आठवड्याऐवजी चार दिवसांत रिकामी व्हायला लागली. बाबा म्हणायचे, ‘भटकायला नेतोस आणि वर खोटं बोलतोस.’ तू म्हणायचास, ‘मी कामावरून थेट घरी येतो.’ ‘मग पेट्रोल काय मांजर पितं?’ त्यांनी टाकीला कुलूपवालं झाकण बसवलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. तरी फरक पडला नाही. मग ते जेवताना म्हणाले, ‘चोराला कुलूप कळत नाही.’ तू ताटावरून उठलास. मी वाढत होते. माझ्या हातात डाव होता.

मला तेव्हा माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की उत्तर गुळगुळीत झालं आहे. म्हणून काल त्या वर्षाची डायरी काढली. तू घर सोडून गेलास त्या दिवसाच्या पानावर शेवटची एक ओळ खोडलेली आहे, दोनदा, आडवी आणि तिरपी. पान उलटं करून खिडकीशी धरलं. ‘सुईमुळे तर नसेल?’ असं आहे.

म्हणजे माहीत होतं. निदान विचारण्याइतकं.

नवा जेट काल बसवला. धूर गेला, प्लग विटकरी झाला, गाडी शहाण्यासारखी चालते. जुना कचऱ्यात टाकला असता तर तुला कधीच कळलं नसतं. मी तो दोनदा टोपलीपर्यंत नेला. खोटं कशाला सांगू.

आज सकाळी बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं बोलून थांबले. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, ‘तो गेल्यावरही तेवढंच लागायचं.’

‘काय?’

‘पेट्रोल. दोन महिने मीच चालवली ना. तेवढंच लागत होतं.’

‘मग तुम्ही त्याला बोलावलं का नाही?’

‘गाडी उभी केली ना मी!’ ते खेकसले. जणू ते तुला कळायला हवं होतं. जणू ताडपत्री टाकणं म्हणजे तुला पत्र पाठवणं.

मी इतकी चिडले की काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. त्यांच्यावर चिडायचा हक्क मला कितपत आहे, हा विचार नंतर आला, नेहमीसारखा नंतर. एका घरात दोन माणसं सत्तावीस वर्षं तेच जाणत होती आणि एकमेकांना चहा विचारत होती.

आता ते आतल्या खोलीत जुडग्यातून टाकीच्या कुलपाची किल्ली काढत बसले आहेत. कडी गंजली आहे, नख शिरत नाही, आणि मला हात लावू देत नाहीत. कडीला शिव्या घालताहेत. निघाली तर पाकिटात घालीन. नाही निघाली तर तू आल्यावर तूच काढ.

जुना जेट मात्र कागदात गुंडाळून यासोबत ठेवला आहे. मी सांगते म्हणून मानू नकोस. उजेडाकडे धर आणि स्वतः बघ. बघून मग ठरव, गाडी फाटकातूनच न्यायची की आत येऊन पाणी प्यायचं. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मी फाटकाशी उभी असेन, आणि या वेळी गप्प नसेन.

तू ठेवलेलं नाव कमावलेली,
दीडशहाणी